आईच्या पायांवरची सूज उतरत नाहीये, काय काय तपासावं?

कृष्णाकाठ

मंडळी, सल्ला हवाय. आई ६८ वर्षांची, सांगलीला असते, मी पुण्यात. दिवाळीनंतर तिचे दोन्ही पाय घोट्यापासून सुजायला लागले. सकाळी उठते तेव्हा बरेच उतरलेले असतात, दुपार कलली की पुन्हा भरतात. जोडवी रुतून बोटाची कातडी सोलवटली, शेवटी साबण लावून काढली. चप्पल सैल केली तरी पट्ट्याचा वळ उठतो. दुखत नाही म्हणते, नुसतं जड वाटतं.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून तिने लघवी वाढवणारी 'पाण्याची गोळी' आणली. पहिले दोन-तीन दिवस बरं वाटलं, मग सूज जिथल्या तिथे. वर रात्रभर बाथरूमच्या वाऱ्या आणि उठताना गरगरणं.

सल्ल्यांना तोटा नाही. मीठ बंद कर, पाणी कमी पी, पाणी जास्त पी, गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडव, एरंडेल चोळ. शेजारच्या काकू तर जुनं म्हणणं ऐकवून गेल्या की पुरुषाच्या पायावर आणि बाईच्या तोंडावर सूज आली की काही खरं नसतं. आई म्हणाली, चला, म्हणजे मी सुटले त्यातून!

कुणाला असा अनुभव आहे का? नक्की कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं, हार्टवाले की किडनीवाले?

तिखटमीठ

ताई, माझ्या सासूबाईंना साधं मीठ बंद करून सैंधव सुरू केलं. छान फरक पडला. करून बघा, तोटा तर नाही.

बोरूबहाद्दर

@तिखटमीठ, सैंधवसुद्धा मीठच हो! त्यातही सोडियम क्लोराइडच असतं, रंग तेवढा गुलाबी. फरक पडला असेल तर तो एकूण मीठ कमी झाल्यामुळे. घरात मीठ बदलायचं ठरलं की लोणचं-पापडही आपोआप मागे पडतात.

रानजाई

मी फिजिशियन आहे. पेशंट न बघता निदान सांगणार नाही, पण कुणाकडे न्यायचं हे ठरवण्याआधी काही गोष्टी घरीच कळतात.

सूज एका पायाला जास्त आहे की दोन्हींना सारखी? घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खड्डा राहतो का? आडवं झाल्यावर दम लागतो का, रात्री उठून बसावं लागतं का, उशाला एकाच्या दोन उशा झाल्यात का? सकाळी डोळ्यांखाली फुगवटा असतो का, लघवीला फेस येतो का? पोट वाढलंय का? वजन?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळ्या गोळ्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. गुडघ्याच्या, झोपेच्या, आयुर्वेदिक, शेजारणीने दिलेल्या. आईंना म्हणावं, डबा टेबलावर पालथा करा आणि फोटो पाठवा. 'बीपीची एक आणि शुगरची एक' असं तोंडी सांगतात त्यात निम्म्या गोळ्या गळालेल्या असतात.

गुंडाभाऊ

लघवीच्या फेसाचं +१. आमच्या वडिलांना वीसेक वर्षांचा मधुमेह. पाय सुजायचे ते आम्ही वयावर ढकललं. नंतर सकाळी तोंडही सुजायला लागलं. साध्या लघवीच्या तपासणीत प्रथिनं भरपूर निघाली आणि गाडी थेट किडनीच्या डॉक्टरांकडे. लॅबमधल्या सगळ्यात स्वस्त तपासण्यांपैकी ती एक. मधुमेही माणसाची दरवर्षी व्हायलाच हवी, पाय सुजोत न सुजोत.

कृष्णाकाठ

रानजाई, धन्यवाद. काल शेजारच्या मुलाने आईकडून सगळं करवून घेतलं.

दोन्ही पाय सारखेच. खड्डा पडतो, चांगला वाटाणा बसेल एवढा, आणि भरायला वेळ लागतो. दम लागत नाही, उशी एकच. तोंड सुजत नाही, फेस नाही, पोट नेहमीचंच.

गोळ्या: अॅम्लोडिपिन १०. आधी ५ होती, बीपी चढं लागलं म्हणून दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी वाढवली. मेटफॉर्मिन, शुगरची. कॅल्शियम. ती पाण्याची गोळी. आणि डब्याच्या तळाशी डायक्लोफिनॅकची अर्धी संपलेली पट्टी. विचारलं तर म्हणे, 'गुडघ्यासाठी गं, रोज नाही काही, एक दिवसाआड.' उन्हाळ्यापासून चालू आहे म्हणे. हे मला पहिल्यांदाच कळलं.

रानजाई

हा फोटो हवा होता. आता नीट समजून घ्या. इथे वाचणाऱ्या निम्म्या घरांत असा डबा असेल.

अॅम्लोडिपिन हे जुनं, उत्तम आणि स्वस्त औषध आहे. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण पाय सुजणं हा त्याचा माहीत असलेला परिणाम आहे. ५ पेक्षा १० ला जास्त, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. हे औषध बारीक धमन्या रुंद करतं, परत नेणाऱ्या शिरा मात्र आहेत तशाच राहतात. नळ पूर्ण सोडला आणि मोरी तेवढीच राहिली की न्हाणीघरात पाणी साचतं, तसं. केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं आणि उभं-बसलेलं असताना खाली घोट्याशी जमतं. म्हणजे शरीरात एकूण पाणी जास्त झालेलं नसतं. म्हणून या सुजेवर पाण्याची गोळी फारशी चालत नाही. सोडियम-पोटॅशियम मात्र खाली येतं, बीपी उभं राहिल्यावर पडतं, म्हातारं माणूस रात्री बाथरूमला जाताना आपटतं. मांडीचं हाड मोडून आलेल्या आज्यांच्या गोळ्यांच्या डब्यात मी ही जोडी पाहिलेली आहे.

आता डायक्लोफिनॅक. या गटातली वेदनाशामकं किडनीला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. त्याने पाय सुजतात आणि बीपीही चढतं. तुमच्या तारखा जुळवून बघा. उन्हाळ्यात गुडघ्याची गोळी सुरू, पुढे बीपी चढं, म्हणून दसऱ्याला बीपीची गोळी दुप्पट, म्हणून दिवाळीनंतर सूज, म्हणून पाण्याची गोळी, म्हणून गरगरणं. उद्या गरगरण्यावर कुणी चक्करेची गोळी देईल. एका गोळीचा परिणाम हा नवा आजार समजून दुसरी गोळी, हा प्रकार आम्हा डॉक्टरांच्या हातूनही सर्रास होतो. पेशंट एका ठिकाणी बीपी दाखवतो, दुसरीकडे गुडघा दाखवतो आणि तिसरी गोळी दुकानातून आणतो. सगळा डबा कुणीच एकत्र बघत नाही.

आईंच्या बाबतीत हे असंच आहे असं मी म्हणत नाही, शक्यता दाट आहे एवढंच. बीपीची गोळी मनाने बंद करू नका. नेहमीच्या डॉक्टरांकडे डबा घेऊन जा. ते डोस कमी करतील, किंवा टेल्मिसार्टनसारख्या गटातलं बीपीचं औषध जोडीला देतील (त्याने शिराही सैल होतात आणि ही सूज कमी होते), किंवा सिल्निडिपिन या बीपीच्या दुसऱ्या गोळीवर नेतील, त्यात सूज कमी येते. ते त्यांच्यावर सोडा. मात्र डायक्लोफिनॅक, पाण्याची गोळी आणि टेल्मिसार्टनचा गट ही तिन्ही एकत्र किडनीला फार जड जातात, म्हणून वेदनाशामकाचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. सोबत क्रिएटिनिन (किडनीसाठी रक्ताची तपासणी), सोडियम-पोटॅशियम, लघवी, थायरॉइड आणि ईसीजी करून घ्या. गरज वाटली तर ते इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगतील. थेट मोठ्या तज्ज्ञांकडे पळायची आज तरी घाई दिसत नाही.

उलट बाजूही सांगते, नाहीतर कुणी हे वाचून आपली गोळी बंद करेल. हृदय कमजोर असल्यामुळे पाय सुजत असतील तर पाण्याची गोळी हाच मोठा आधार असतो. अशा माणसाने रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणीच. फोन करावा, पुढच्या तारखेची वाट बघू नये.

चकली

बाप रे. आमच्या बाबांची सेम जोडी आहे, अॅम्लोडिपिन आणि गुडघ्याची गोळी. वाचनखूण साठवली. गॅबापेन्टिननेही सूज येते का? पायांच्या आगीसाठी चालू आहे.

रानजाई

@चकली, हो, गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिन दोन्हींनी येते. मधुमेहाच्या पायोग्लिटाझोननेही, स्टिरॉइडनेही. बाबांचाही डबा पालथा करा.

मास्तर_निवृत्त

मी खडू-फळ्यासमोर उभं राहून उभी हयात काढली, त्यामुळे माझ्या पायांचं दुखणं वेगळं. ज्यांची सूज शिरांची आहे त्यांच्यासाठी लिहितो.

माझ्या डाव्या पोटरीवर शिरा फुगून वेटोळी झाल्या होत्या. संध्याकाळी पाय जड, रात्री पोटरीत गोळे. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी आधी खाजायला लागली, मग तपकिरी पडली. मला वाटलं, नायटा. मलमं लावली. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम बाजूला ठेवलं, मला टेबलावर उभं केलं आणि म्हणाले, हे शिरांचं आहे. शिरांतल्या झडपा ढिल्या झाल्या की रक्त वर चढायच्या ऐवजी खाली साचतं. त्याच तपकिरी जागेवर पुढे जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही.

पोटरीचा स्नायू चालताना शिरा पिळून रक्त वर ढकलतो. उभं राहणाऱ्याचा आणि बसणाऱ्याचा, दोघांचाही हा पंप बंद. म्हणून तासाभराने उठून टाचा वर-खाली करायच्या, चवड्यांवर उभं राहायचं. टीव्ही बघताना पंजे पुढे-मागे. आणि पाय वर घ्यायचे म्हणजे हृदयाच्या वर. स्टुलावर पाय टेकवून पेपर वाचणं म्हणजे वर घेणं नव्हे. आडवं व्हायचं, पोटरीखाली लोड घ्यायचा, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीनदा. नुसता गुडघ्याखाली लोड घातला तर पाऊल लोंबतं, त्याचा उपयोग नाही.

कृष्णाकाठ ताई, आईंची बसायची जागाही बघा. आमच्या पिढीचे गुडघे गेले, जमिनीवरचं बसणं सुटलं आणि आम्ही दिवसभर खुर्चीत पाय सोडून बसतो. काही म्हातारे तर खुर्चीतच झोपतात. त्यांचे पाय सकाळीही उतरत नाहीत.

मोज्यांबद्दल. दाबाचे मोजे अंथरुणातून पाय खाली ठेवायच्या आधी चढवायचे. एकदा सूज भरली की ते चढत नाहीत आणि चढवले तर रुततात. रात्री काढायचे. कमी दाबाचे १८ ते २१ आणि मधले २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याचे असतात. कुठले घ्यायचे ते डॉक्टर सांगतात. दुकानात मिळणारं साधं गुडघ्याचं इलॅस्टिक म्हणजे हे मोजे नव्हेत. ते मध्येच आवळतं आणि खालचा भाग आणखी सुजतो.

रानजाई

मास्तर, उत्तम. एक भर. मधुमेही, विडी-सिगारेट ओढणारे, चालताना पोटरी दुखून थांबावं लागतं असे लोक, यांनी आधी पायाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा. घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. पुरवठाच कमी असेल तर घट्ट मोज्याने पाय काळा पडू शकतो.

आणि फुगलेली शीर कधी फुटली तर घाबरून उभं राहू नका. आडवं व्हा, पाय वर, स्वच्छ फडकं जखमेवर दाबून धरा. उभ्याने धार लागते, आडवं झालं की दाबाने थांबते.

काढाप्रेमी

सगळं अॅलोपथीच चाललंय इथे. घेटुळी म्हणजे पुनर्नवा, शोथावरचं, म्हणजे सुजेवरचं आपलं हजारो वर्षांचं औषध. पावसाळ्यात बांधावर फुकट उगवते. मूळ उकळून काढा घ्या, नारळपाणी प्या, जवाचं पाणी प्या. आठ दिवसांत पाय उतरतील. या गोळ्या म्हणजे कंपन्यांचे धंदे.

बोरूबहाद्दर

आठ दिवसांत बांध उतरेल, पाय नाही. (हलके घ्या.)

काढाप्रेमी

टिंगल करणं सोपं असतं. माझ्या आत्याचे पाय याच काढ्याने उतरले.

गुंडाभाऊ

काढ्याचं माहीत नाही, पण वडिलांना डायलिसिसवाल्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, नारळपाणी बंद. पोटॅशियम. हे ज्याला त्याला 'पी, चांगलं असतं' म्हणून सांगू नका, हात जोडतो.

रानजाई

गुंडाभाऊंना दुजोरा. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातली गोळी चालू असेल तर 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून मिळतं तेही विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आधी काही कळतही नाही.

पुनर्नवा मी लिहून देत नाही, त्याबद्दल वैद्यांना विचारावं. फक्त त्या वैद्यांनाही तोच डबा दाखवा. पुनर्नवेचाही गुण लघवी वाढवण्याचाच सांगतात, म्हणजे पाण्याच्या गोळीवर आणखी एक.

व्यवस्थापक

वैयक्तिक शेरेबाजी इथेच थांबवावी. धागा पायांबद्दल आहे.

भंडारा_डोह

माझा विषय थोडा बाजूचा, पण आमच्याकडे पाय सुजला म्हटलं की पहिली भीती हत्तीरोगाची, म्हणजे डासांतून शिरणाऱ्या जंतांनी पाय जाड होण्याची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, हा सगळा पट्टा त्याचा.

माझ्या आजीचा उजवा पाय तसा होता. लुगडं घोळदार नेसून झाकायची. लग्नाकार्याला गेली की मागच्या रांगेत बसायची. वरून कातडी जाड, खरखरीत, घड्या पडलेली. दाबलं तर बोट रुतायचं नाही. दर पावसाळ्यात एकदोनदा थंडी वाजून ताप यायचा, पाय लाल आणि गरम, जांघेत गाठ. आम्ही म्हणायचो, बाप्पा, पुन्हा उठला आजीचा पाय. आणि दरवेळी ताप उतरला की पाय आधीपेक्षा थोडा आणखी जाड.

सेवाग्रामला दाखवल्यावर कळलं की तो ताप जंतांचा नसतो. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी फाटते, तिथून जंतू शिरतात. जाड झालेला पाय गोळ्यांनी बारीक होत नाही, पण ताप थांबवता येतो आणि ताप थांबला की पाय वाढायचा थांबतो. त्यासाठी आईने एक टब आणि एक मग्गा वेगळा काढला. रोज संध्याकाळी साधं पाणी, साधा साबण. गरम पाणी नाही, घासणी नाही. घड्या एकेक उघडून धुवायच्या. मग जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने टिपायचं, चोळायचं नाही. बेचक्यांसाठी तोच तुकडा पिळून बारीक वात करायची आणि प्रत्येक बोटामधून ओढायची, ओल राहता कामा नये. चिखल्या असल्या की बुरशीचं मलम. आजी कुरकुरायची, 'आता काय पाय नवा होणार हाय का?' पण पुढच्या पावसाळ्यात ताप आला नाही, तेव्हा स्वतःच टब ओढून बसायला लागली.

लहानपणी रात्री रक्त घ्यायला आरोग्य खात्याचे लोक यायचे. दिवसा का नाही येत, हा आम्हाला पडलेला प्रश्न. या जंताची पिल्लं बाहेरच्या, कातडीजवळच्या रक्तात रात्रीच फिरतात, क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. त्यामुळे दिवसाचा नमुना कोरा निघतो.

आता हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला येतात तेव्हा समोर खायला लावतात. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली. लोक खिशात घालतात, 'मला कुठे हत्तीपाय आहे' म्हणतात. अहो, पाय जाड व्हायला वर्षं लागतात, जंत आधीपासून असतात. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं लेकरू आणि फार आजारी माणूस सोडून सगळ्यांनी खायच्या. उपाशीपोटी मात्र नाही.

रानजाई

फार मोलाचं लिहिलंत. घरी ओळखायची एक खूण: पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत धरून बघा. हत्तीरोगात येते तशी लसिकावाहिन्यांची (लिम्फच्या नळ्यांची) सूज असेल तर ती चिमटीत येत नाही. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा रेडिएशननंतरही अशी सूज येते, त्यात हत्तीरोगाचा संबंध नसतो. धुण्या-टिपण्याची निगा मात्र हीच.

मोगरा_२

मला आठवा महिना चालू आहे. पाय सुजलेत, सगळ्याजणी म्हणतात नॉर्मल असतं. कालपासून अंगठीही निघत नाहीये आणि डोकं दुखतंय. हाच धागा दिसला म्हणून विचारते.

रानजाई

@मोगरा_२, हे इथे विचारत बसू नका. आजच, आत्ता तुमच्या डॉक्टरांकडे किंवा जवळच्या प्रसूतिगृहात जाऊन बीपी आणि लघवी तपासा. या महिन्यांत पाय सुजणं बहुतेकींना होतं. पण हात आणि चेहरा अचानक सुजणं, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, छातीखाली दुखणं, यातलं काही असेल तर बीपी १४०/९० च्या वर गेलेलं असू शकतं. तिथून झटके येण्यापर्यंत वेळ लागत नाही. पोचलात की एक ओळ लिहा.

मोगरा_२

दाखल करून घेतलंय. १५०/१००. लघवीत प्रोटीन. गोळी सुरू केली, बाळाचे ठोके चांगले आहेत. थँक्यू डॉक्टर.

चकली

हुश्श!

लालपरी_कंडक्टर

मी कमी लिहितो इथे. एकाच पायाची सूज असेल त्यांच्यासाठी लिहितोय.

भावाच्या पायाला प्लास्टर होतं. काढल्यावर काही दिवसांनी तीच पोटरी टरटरून आली, हाताला गरम. सगळे म्हणाले प्लास्टरमध्ये पाय आखडला असेल. आमच्या गावात एक मालिशवाले आहेत, हात चांगला आहे त्यांचा. त्यांना बोलावलं. त्या माणसाने पाय नुसता पाहिला आणि म्हणाला, एकच पाय गरम आहे, मी हात लावणार नाही, सोनोग्राफी करून या. डॉप्लर केलं तर पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी. डॉक्टर म्हणाले चोळला असता तर गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकली असती. रक्त पातळ करायच्या गोळ्या तीन महिने घेतल्या. आता ठणठणीत आहे.

रानजाई

त्या मालिशवाल्या काकांना माझा नमस्कार सांगा.

दोन पोटऱ्यांमध्ये फरक वाटला तर शिंप्याच्या टेपने मोजा. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली, दोन्हीकडे. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी दवाखाना. फरक कमी असला तरी पाय दुखत-तापत असेल, नुकतंच ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण किंवा लांबचा प्रवास झाला असेल, तरीही. आणि सोबत अचानक धाप, छातीत कळ किंवा थुंकीत रक्त आलं तर १०८.

न्यूजर्सीचा_पाहुणा

लांबच्या प्रवासावरून: आई-बाबांना मुंबईहून न्यूअर्कला आणायचंय, पंधरा-सोळा तास सलग. बाबांना व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या शिरा) आहेत. इथल्या ओळखीचे सांगतात अॅस्पिरिन द्या.

रानजाई

नुसत्या प्रवासासाठी अॅस्पिरिन नको. बाबांना गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे (आधी दाखवून), मधल्या वाटेच्या कडेची सीट, जागे असताना दीड-दोन तासांनी एक फेरी, बसल्या जागी पंजे हलवणं. झोपेची गोळी देऊ नका, माणूस एकाच कुशीवर लाकडासारखा पडून राहतो. आधी गुठळी झालेली असेल किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील तर मात्र डॉक्टर प्रवासापुरतं इंजेक्शन देतात, ते विचारा. उतरल्यावर दोन दिवस दोन्ही घोटे थोडे सुजलेले राहणं चालतं. एकच पाय सुजला तर वर लालपरीदादांनी लिहिलंय ते वाचा.

आळंदीचा_टाळकरी

अवांतर: वारीत आम्ही दरवर्षी सुजलेले पाय बघतो. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, पहिल्या काही मुक्कामांत नवख्यांचे पाय हमखास भरतात. गावोगाव लोक बसवून तेल लावतात, पाय चेपून देतात, ते सुख शब्दांत सांगता येत नाही. पण आमच्या दिंडीतली जुनी माणसं मुक्कामाला पोचली की आधी पाठीवर पडतात आणि पाय ट्रकच्या फाळक्याला वर लावतात. तेल त्यानंतर. आणि नवीन बूट घालून आलेल्याला सगळ्यात आधी फोड येतात, हा नियम.

कृष्णाकाठ

बरेच दिवसांनी लिहितेय. आईला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, डबा टेबलावर ओतला. त्यांनी डायक्लोफिनॅकची पट्टी उचलली आणि आईकडे बघत राहिले. आई खिडकीबाहेर बघत होती.

ती पट्टी बंद, पाण्याची गोळी बंद. अॅम्लोडिपिन पुन्हा ५ वर आणलं आणि सोबत टेल्मिसार्टन दिलं. क्रिएटिनिन थोडं वरच्या काठाला होतं, दोन आठवड्यांनी पोटॅशियमसकट पुन्हा केलं तेव्हा ठीक आलं. लघवी, थायरॉइड, ईसीजी नॉर्मल. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, लावायचं मलम आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. व्यायामावर आईचा विश्वास नाही, पण फिजिओथेरपिस्ट मुलगी तिच्या माहेरच्या गावची निघाली, म्हणून करतेय.

सूज लगेच गेली नाही. पहिला आठवडा काहीच फरक दिसेना, मला वाटलं निदान चुकलं. मग हळूहळू घोट्याचं हाड दिसायला लागलं. आता संध्याकाळी थोडी असते, खड्डा पडतो पण उथळ. बीपी आधीपेक्षा खाली आहे. गरगरणं थांबलं. जोडवी मात्र मोठ्या मापाची करून घेतली, जुनी परत घालायची तिला भीती वाटते.

मिठाचं युद्ध चालू आहे. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, त्यात आमटी-भाजी-भाकरी सगळं आलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई म्हणते भाकरीत मी कधीच मीठ घालत नाही. खरं आहे, पण भाकरीबरोबर खर्डा असतो त्याचं काय?

आता डॉक्टर म्हणतात रक्तपुरवठा तपासून झालाय, तो चांगला आहे, उरलेल्या सुजेसाठी कमी दाबाचे मोजे घाला. आई एकदा चढवायला गेली, अर्ध्यात अडकले, तिने ते कपाटात फेकले. काही युक्ती?

तिखटमीठ

सासूबाईंचाही हाच तमाशा होता. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, पकड छान येते, नखं लागत नाहीत. मोजा आधी टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल घालायचं, टाच टाचेत नीट बसवायची, मग हाताने सपाट करत वर न्यायचा. वरून ओढायचा नाही. पाय कोरडा हवा, थोडी पावडर. आणि वरचा काठ दुमडायचा नाही, तिथे दुप्पट आवळतं. उन्हाळ्यात पाऊल उघडं राहणारे घ्या, बोटं मोकळी राहिली की म्हातारी माणसं कमी चिडतात.

कृष्णाकाठ

हातमोज्यांची युक्ती चालली! शेजारच्या काकू रोज सकाळी येऊन चढवून देतात. त्याच त्या, 'काही खरं नसतं'वाल्या. पण मोजे पोटरीवर सैल आणि घोट्यावर घट्ट होतायत. माप चुकलंय का? दुकानात 'मीडियम' म्हणून दिले.

मास्तर_निवृत्त

चुकलंय. हे मोजे लहान-मध्यम-मोठे असे अंदाजाने घ्यायचे नसतात. सकाळी उठल्या उठल्या, सूज भरायच्या आत टेप लावा. घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागा, पोटरीची सगळ्यात जाड जागा, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत उंची. दोन्ही पायांची वेगवेगळी, कागदावर लिहून. कंपनीच्या डब्यावर तक्ता असतो, त्यात ही मापं बसवायची. घोटा एका मापात आणि पोटरी दुसऱ्यात गेली तर मापाप्रमाणे शिवून मिळतात. साधारण सहा महिन्यांनी ताण जातो, तेव्हा नवीन घ्यायचे, म्हणून एकदम चार जोड्या घेऊन ठेवू नका. आणि दुकानदार मापं घ्यायच्या ऐवजी चपलेचा नंबर विचारायला लागला तर दुसरं दुकान बघा.